लेखकाच्या सोयीसाठी

लिहिणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून जगात किती लोक रात्रीचा दिवस करत आहेत, हे उमरेडमध्ये राहून कळत नाही. लिहायला बसल्यावर कळते. लिखाणाचे कुठलेही साधन उघडा, फोनवरचे असो की संगणकावरचे, वरच्या पट्टीत मदतनीसांची रांग उभीच असते. कुणी शुद्धलेखन तपासायला, कुणी शब्द मोजायला, कुणी पुढचा शब्द सुचवायला, कुणी खोडलेले परत आणायला. मजकूर सोडून सगळे तयार असते. एवढ्यांचा मान राखता राखता लिहायचे राहून जाते, ही माझी तक्रार नाही. माझ्या तक्रारी बारीक आहेत आणि त्या मी क्रमाने मांडतो.

सुरुवात पत्त्यापासून करू. उमरेड हे नागपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. गावाला लागून कोळशाची उघडी खाण आहे, कोष्ट्यांच्या मागांचा जुना लौकिक आहे आणि थोडे पुढे गेले की वाघ आहेत. एवढे असूनही माझ्या फोनला हे गाव मान्य नाही. मी 'उमरेड' लिहितो, स्पेस दाबतो, तो 'उमेद' करतो. त्यामुळे मी उमेदला स्थायिक आहे, उमेदच्या बसस्टँडवर उतरतो आणि 'धुळीने उमेद काळवंडली' अशी वाक्ये माझ्या नावावर जमा आहेत. पुण्याच्या एका संपादकांनी फोन करून विचारले, "उमेद म्हणजे ते बचत गटांचं सरकारी अभियान ना? तुम्ही त्यात कामाला आहात का?" मी म्हटले, नाही, मी तिथे राहतो. ते म्हणाले, "वा, एवढं वाहून घेतलंय!"

गावानंतर जेवण. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि हिवाळ्यात तिच्या वड्या करतात. फोन 'सांभारवडी'ची 'साभार वडी' करतो. हा 'साभार' माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. लेख संपादकांकडून परत येतो तेव्हा त्याला पोचवायला तोच येतो. त्याने आता स्वयंपाकघरापर्यंत यावे, अशी मागणी मी कुठे नोंदवली होती, ते आठवत नाही.

बोलण्याबद्दलही यंत्राचे मत आहे. नागपूरकडे माणूस नुसता 'काम करतो' असे क्वचित होते. तो काम 'करून राहिला' असतो, बहुतेक वेळा कुणीतरी विचारल्यामुळे. मी पात्राच्या तोंडी 'तू काऊन असा बोलून राहिला' असे वाक्य घातले की त्याच्याखाली रेघ येते. यंत्राला वाटते, बोलून झाल्यावर हा राहिला कुठे? मी त्याला 'उमरेडला' म्हणून सांगू शकतो. पण मग फोन 'उमेदला' करेल.

वाघांचे दुखणे वेगळे आहे. २०१२ साली जाहीर झालेल्या इथल्या अभयारण्याचे नाव उमरेड-पवनी-कऱ्हांडला. यातल्या पहिल्या नावाची हकिगत सांगितलीच. तिसऱ्यात तो र आहे. तऱ्हा, कऱ्हाड, सुऱ्या, वाऱ्यावर अशा ठिकाणी येणारा हा र हिंदीला लागत नाही, मराठीचे त्याच्यावाचून चालत नाही. युनिकोडमध्ये त्याची रीतसर व्यवस्था आहे. खाली नुक्ता असलेला ऱ घ्यायचा, त्याला हलन्त जोडायचा आणि मग पुढचे अक्षर द्यायचे. फक्त तो नुक्त्याचा ऱ कळफलकाच्या कुठल्या तळघरात ठेवला आहे, ते ज्याचे त्याने शोधायचे. नाही सापडला तर फोन आपला रफार देऊन मोकळा होतो, आणि मी दऱ्यांतून थेट दर्यात पडतो. उमरेडहून समुद्र बराच लांब आहे. महाप्रसादाच्या आचाऱ्यांचे मी मनापासून कौतुक लिहिले होते. ते छापून आले असे : 'आचार्यांनी वांग्याची भाजी झणझणीत केली होती.' गावातल्या एका संस्कृतच्या शिक्षकांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणे कमी केले आहे. 'गऱ्हाणे' या शब्दातही हाच र बसला आहे, म्हणजे यंत्राविरुद्ध गऱ्हाणे करायचे तर आधी यंत्राच्याच तळघरात उतरायचे.

अक्षरांच्या वळणाचेही तेच. मराठी ल आणि मराठी श यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत. राज्य शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठीसाठी प्रमाण वर्णमाला ठरवून दिली. २०२२ साली ती अद्ययावत करून पुन्हा निर्णय काढला. माझ्या फोनपर्यंत अजून प्रत पोचलेली दिसत नाही. आधुनिक फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल आणि श हे आतमध्ये असतात, पण मजकूर मराठीत आहे असे यंत्राला कुणीतरी सांगितले तरच ते बाहेर येतात. मी मराठीत लिहितो आहे, यावरून यंत्राने तसा काही अर्थ काढलेला नाही. उलट अधूनमधून फोन माझ्या 'नाही'ला 'नहीं' सुचवतो. मी नाही म्हणतो. तो नहीं म्हणतो. दोघांचे म्हणणे एकच असल्याने वाद वाढत नाही.

पुढचा शब्द सुचवण्याची सोय मात्र अभ्यासपूर्ण आहे. गावातल्या एका भजनी मंडळाबद्दल लिहिताना मी 'भावपूर्ण' एवढेच लिहिले, तोच फोनने 'श्रद्धांजली' पुढे केली. मंडळ हयात आहे. 'हार्दिक' लिहिले की 'शुभेच्छा', 'जाहीर' लिहिले की 'निषेध'. आपण सगळ्यांनी मिळून फोनवर जे मराठी वाङ्मय आजवर निर्माण केले, त्याचा सारांश त्याने या तीन जोड्यांत काढला आहे आणि त्यात त्याची चूक दाखवणे अवघड आहे. माझी हरकत एवढीच, की मला चौथे काही म्हणायचे असते तेव्हा तो वाटेत उभा राहतो.

आता लाल रेघ. मराठी लेखनाचे नियम साहित्य महामंडळाने केले. १९६२ साली चौदा नियम शासनमान्य झाले, १९७२ साली आणखी चार आले, एकूण अठरा. हे अठरा पाठ असलेला माणूस तालुक्यात शोधावा लागेल, पण सापडेल. यंत्रात शोधून सापडत नाहीत. त्याच्याजवळ शब्दांची एक यादी असते. यादीत 'घर' असते. पण मराठीत घर एकटे कधी बाहेर पडत नाही. ते घरात, घरातला, घरातल्याला, घरातल्यांनासुद्धा असे गोतावळा घेऊन निघते, आणि यादी करणाऱ्याने तेवढी माणसे धरलेली नसतात. परिणामी माझा लेख पडद्यावर वरून खालपर्यंत लाल असतो. 'पाण्यावाचून' बरोबर लिहिले तरी लाल, आणि पाणी ऱ्हस्व लिहिले तरी लाल. लाल रेघ सगळ्यांना सारखीच मिळते. एवढी समता घटनेनंतर मी दुसरीकडे पाहिलेली नाही. फक्त खरी चूक त्यात बेमालूम लपून बसते आणि छापून आल्यावर वाचकाला पहिल्या ओळीत दिसते.

ही आपोआप दुरुस्तीची कल्पना नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टमधल्या डीन हाकामोविच यांनी रुजवली. घाईत टंकताना इंग्रजीतल्या एका अगदी साध्या, तीन अक्षरी शब्दाची अक्षरे उलटसुलट पडत, ती सरळ करणे हा मूळ हेतू. हेतू नेक होता. त्या वेळी त्यांच्यासमोर आमची वांग्याची भाजी नव्हती.

'शोधा आणि बदला' ही सोय ऐकायला सगळ्यांत बिनधोक वाटते. मी एक कथा लिहिली होती. तिच्या नायकाचे नाव राम. संपादकांना ते नाव जुने वाटले, त्यांनी श्याम सुचवले. मी यंत्राला सांगितले, राम दिसेल तिथे श्याम कर. क्षणात काम झाले. कथा रामटेकला घडत होती, ती श्यामटेकला घडू लागली. नायक दुपारी आश्याम करू लागला. ग्रामपंचायतीचा उच्चार करायला गावातले दात पडलेले लोकही तयार होईनात. स्वल्पविराम आणि पूर्णविराम तेवढे चिन्हांत होते म्हणून वाचले. यावर तोडगा म्हणून 'फक्त पूर्ण शब्द शोधा' असा एक चौकोन दिलेला असतो. तो खूण करून पुन्हा पाहिले, तर अख्ख्या कथेत राम जेमतेम सापडला. बाकी ठिकाणी रामने, रामला, रामचा, रामकडे असे होते, आणि यंत्राच्या मते ही वेगळी माणसे आहेत. ज्या भाषेत नाव आणि त्याचा प्रत्यय वेगळे उभे राहतात, तिच्यासाठी हा चौकोन केलेला आहे. आमच्याकडे माणूस त्याच्या 'ला'पासून वेगळा काढता येत नाही.

खोडण्याचे तरी सरळ असावे? 'स्त्री' हे अक्षर आपल्याला एक दिसते. यंत्राच्या हिशेबी ती सहा आहेत : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. मागून खोडायला गेलो तर बऱ्याच ठिकाणी आधी फक्त वेलांटी जाते, मग र, मग मोडका पाय घेऊन उभा असलेला त. पुढून खोडायची दुसरी कळ दाबली तर पूर्ण स्त्री एका फटक्यात नाहीशी. एकाच शब्दाला मागून एक न्याय आणि पुढून दुसरा. त्यातून फोनच्या संदेशाचे गणित असे, की इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात आणि देवनागरी आली की ७०. त्या सत्तरातली सहा एकटी स्त्री घेते. स्त्रियांना जास्त जागा मिळते अशी ओरड करणारे लोक आमच्या चौकात आहेत. त्यांना हा पुरावा मी अजून दिलेला नाही.

जुन्या लेखांचे काय करावे, हा प्रश्न डीटीपीवाल्याकडे नेला. युनिकोडच्या आधीचे माझे लिखाण टाईपरायटरच्या कळपट्टीवर बेतलेल्या एका जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टमध्ये खरे तर मराठी नसतेच. आत रोमन अक्षरे असतात, त्यांना वरून देवनागरीचे सोंग दिलेले असते. फॉन्ट काढला की सोंग उतरते आणि माझी ललित गद्याची वही परग्रहावरून आलेल्या तारेप्रमाणे दिसते. डीटीपीवाला म्हणाला, "सर, कन्व्हर्ट करून घ्या ना जी, एका मिनिटाचं काम आहे." नागपूर-नागभीड ही आमची नॅरोगेजची गाडीही अशीच २०१९ च्या नोव्हेंबरात रूपांतरासाठी बंद केली गेली. रूपांतर या शब्दाचा उमरेडकरांना तेव्हापासून चांगला सराव आहे. फॉन्टचे रूपांतर मिनिटात झाले हे खरे. पण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची असे, नव्या पद्धतीत ती अक्षराच्या नंतर साठवतात. हे बदलताना वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या आणि रफार पुढच्या स्टेशनला उतरले. मी डीटीपीवाल्याला म्हटले, भाऊ, हे वाचता येत नाही. तो म्हणाला, "तुमचंच आहे ना सर? मग तुम्हाला समजन."

मजकूर आपोआप जतन होण्याच्या सोयीवर तर माझी विशेष भिस्त होती. आमच्या भागात वीज गेली की 'लाईन गेली' म्हणतात, आणि ज्या प्रदेशातला कोळसा वीज करायला जातो त्या प्रदेशाला लाईन जाण्याची परंपरा टिकवावी लागते. लाईन आल्यावर यंत्र मला फार आदराने तीन प्रती दाखवते : मूळ, परत मिळवलेली आणि 'परत मिळवलेली २'. तिन्हींत शेवटचा परिच्छेद वेगवेगळ्या जागी तुटलेला असतो. कुठली खरी, हे लेखकाने ठरवावे. इथल्या अभयारण्यातला जय नावाचा वाघ गळ्यात रेडिओ कॉलर असताना २०१६ च्या एप्रिलनंतर दिसेनासा झाला. तेव्हा 'अलीकडील फाइल्स'च्या यादीत नाव असून फाइल न सापडणे, हे मी मनाला लावून घेत नाही.

प्रती हरवणे आणि वाढणे विदर्भाला, एकूण मराठीलाच, नवे नाही. म्हाइंभटांनी रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे धामधुमीत मूळ प्रत गेली आणि अनुयायांनी आठवणीतून ते पुन्हा उभे केले. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ आहेत आणि संशोधक ते आजही जुळवत बसतात. ज्ञानेश्वरीत कालौघात घुसलेले पाठभेद निवडून एकनाथांनी १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि शेवटी, यात यापुढे कुणी आपली ओवी मिसळू नये म्हणून चांगला दमही भरून ठेवला. बदल करण्याचा हक्क गोठवण्याची मराठीतली ही बहुधा सर्वांत परिणामकारक व्यवस्था. तिला पासवर्ड लागला नाही. माझ्या लेखात मात्र मुख्य संपादक, उपसंपादक आणि उपसंपादकांच्या गैरहजेरीत बसणारा मुलगा असे तिघे वेगवेगळ्या रंगांत लिहितात, आणि 'सर्व बदल स्वीकारा' हे बटण सर्वांत मोठे असते.

हे सगळे सांगितल्यावर लोक म्हणतात, पूर्वी यातले काहीच नव्हते, तेव्हा काय होते? पूर्वीही हेच होते. छापखाना आला तेव्हा देवनागरीच्या जोडाक्षरांना शेकडो खिळे लागत, जुळाऱ्याचा हात पुरत नसे. म्हणून खिळे कमी कसे होतील यावर लोकमान्य टिळकांनी डोके खर्ची घातले. त्या माणसाला दुसरीही कामे होती. सावरकरांनी अ लाच इकार, उकार, मात्रा लावून इ, उ, ए यांची स्वतंत्र अक्षरे वाचवायचे सुचवले. टाईपरायटर आला, तेव्हा त्याच्या चार ओळींच्या कळपट्टीत जे मावले नाही ते अक्षर पाय मोडून लिहायची सवय लागली. तालुक्यातालुक्यांत टायपिंग इन्स्टिट्यूट निघाल्या आणि मिनिटाला तीस शब्दांच्या वेगाने पिढ्याच्या पिढ्या त्या कळपट्टीला शरण गेल्या. शंभराहून अधिक वर्षे अडचण यंत्राची असते, बाराखडी वाकते आणि त्याला लेखकाची सोय म्हणतात. टिळकांच्या काळी निदान यंत्र गप्प तरी असे. खिळ्याने कधी लेखकाला 'तुम्हाला असे म्हणायचे आहे का?' म्हणून विचारले नाही.

आता ते विचारते. नव्या साधनांत 'सूर बदलून देऊ का?' अशी सोय आली आहे. पर्याय तीन : औपचारिक, मैत्रीपूर्ण, संक्षिप्त. याच लेखातला लाल रेघेचा परिच्छेद मी त्याच्यापुढे ठेवला. औपचारिक दाबल्यावर तो 'उपरोक्त विषयान्वये' असा सुरू झाला आणि मी कुठल्या तरी विभागात अर्ज करतो आहे असे मला वाटले. मैत्रीपूर्ण दाबल्यावर त्यात उद्गारचिन्हे आली आणि महामंडळाचे अठरा नियम 'मजेदार प्रवास' झाले. संक्षिप्त दाबले तर उत्तर आले : 'लेखकाला काही अडचणी आहेत.' एवढे नेमके समीक्षण माझ्या लेखनाचे कुणी केलेले नाही. शिवाय खाली लिहिले होते, की हा मजकूर अधिक सकारात्मक करता येईल. उपरोधिक लेख सकारात्मक करून देणारी सोय ज्यांनी केली, त्यांनी एकदा मिरची बिनतिखट करून विकून दाखवावी. मिरचीचे भिवापूर जवळच आहे, गिऱ्हाईक काय म्हणते ते लगेच कळेल.

शब्दमोजणीबद्दल जास्त बोलत नाही, कारण तिच्यावर मानधन ठरते. फक्त ती मोकळ्या जागा मोजते आणि मराठीत विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळे शब्दाला चिकटून येते, एवढे नोंदवून ठेवतो. 'घरा समोरच्याला' असे नियम मोडून फोडून लिहिणाऱ्याचा लेख 'घरासमोरच्याला' लिहिणाऱ्यापेक्षा मोठा भरतो. शुद्ध लिहिणाऱ्याला कमी पैसे, हे धोरण कुणी मुद्दाम आखले नसेल, पण राबवले चोख जाते.

यावर उपाय म्हणून या सगळ्या सोयी बंद करण्याचीही सोय आहे. ती 'सेटिंग्ज'मध्ये, 'प्रगत'मध्ये, 'भाषा आणि इनपुट'मध्ये, 'इतर'मध्ये आहे. तिथे जाऊन मी सगळ्या खुणा काढून येतो. रात्री केव्हातरी अपडेट येते, आणि सकाळी मी पुन्हा उमेदला उठतो.

नव्या सोयी करणाऱ्यांचा उत्साह मोडावा असा माझा हेतू नाही. त्यांना काम हवेच असेल तर पुरेसे आहे. संपादकांनी लेख खरोखर वाचला की नुसता लांबीने मोजला, हे दाखवणारी एक खूण करावी. दिवाळी अंकासाठी जूनमध्ये मागितलेला लेख ऑक्टोबरात 'अहो, तो पुन्हा पाठवता का?' म्हणून मागितला, तर तो आपोआप जावा. आणि लाल रेघेला कायमचे काम द्यायचे असेल, तर ती माझ्या शब्दांखालून उचलून संपादकांच्या नावाखाली ओढावी. मानधन जमा झाले की पुसावी.